जिल्ह्याच्या लोकसंख्येमागची सामाजिक कारणं आकड्यांतून कशी ओळखायची

प्रश्न असा आहे: शिक्षण, लग्नाचं वय, मुलग्याचा हट्ट, धर्म, स्थलांतर अशा सामाजिक घटकांमुळे लोकसंख्या बदलते हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं. पण हा बदल नेमका कुठल्या वाटेनं होतो आणि आपल्या जिल्ह्याच्या आकड्यांत तो ओळखायचा कसा? याचं उत्तर मी महाराष्ट्रातल्याच जिल्ह्यांवरून देतो, कारण इथे शेजारशेजारच्या जिल्ह्यांत अगदी वेगवेगळ्या सामाजिक कारणांनी लोकसंख्या घडलेली दिसते.

आधी एक शिस्त लावून घ्या. कुठल्याही जागेची लोकसंख्या तीनच गोष्टींनी बदलते: जन्म, मृत्यू आणि स्थलांतर. सामाजिक घटक थेट लोकसंख्येवर काम करत नाही, तो या तिघांपैकी कशाला तरी हात लावतो. जन्मांच्या बाबतीत तर आणखी एक पायरी आहे. किंग्जली डेव्हिस आणि ज्युडिथ ब्लेक यांनी १९५६ मध्ये ती मांडली आणि जॉन बोंगार्ट्स यांनी १९७८ मध्ये ती मोजण्याजोगी केली. प्रजननक्षम वयातल्या किती स्त्रिया नवऱ्यासोबत नांदतात, किती जोडपी गर्भनिरोधन करतात, किती गर्भपात होतात आणि बाळाला अंगावर पाजण्यामुळे दोन बाळंतपणांत किती अंतर पडतं, प्रामुख्याने या चार गोष्टींतूनच समाज जन्मदरावर परिणाम करतो. म्हणून ‘शिक्षणामुळे जन्मदर घटला’ हे वाक्य अर्धवट आहे. शिक्षणामुळे लग्न लांबलं, की लग्न तेव्हाच झालं पण दुसऱ्या मुलानंतर ऑपरेशन झालं, हे सांगितल्याशिवाय तुम्ही काहीच सांगितलेलं नसतं.

महाराष्ट्रात हा फरक फार महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३ मध्ये, राज्याचा एकूण जननदर २.९ होता. म्हणजे त्या काळच्या दरानं एका स्त्रीला आयुष्यात सरासरी २.९ मुलं झाली असती. २००५-०६ मध्ये तो २.१ वर आला आणि २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १.७ वर. एवढी घसरण पाहून लग्नाचं वय खूप वाढलं असेल असं वाटतं. तसं झालेलं नाही. पाचव्या फेरीतही २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. जननदर उतरला तो मुख्यतः स्त्रियांच्या नसबंदीमुळे. लग्न झालेल्या प्रजननक्षम स्त्रियांपैकी सुमारे ४९ टक्के स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं आहे, पुरुषांचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत. लग्न विशीच्या आत-बाहेर, पाठोपाठ दोन मुलं आणि पंचविशीच्या आसपास ऑपरेशन, हा आपल्याकडचा ठरलेला क्रम आहे. गोव्यात वाट वेगळी आहे: बालविवाह सुमारे सहा टक्के, लग्न उशिरा, आणि जननदर १.३.

पुरुष या चित्रातून असे गायब का, याचं कारणही सामाजिकच आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या बहुतांश पुरुषांवर होत्या. शिक्षकापासून तलाठ्यापर्यंत प्रत्येकाला ‘केसेस’ आणायचं टार्गेट होतं. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. केंद्राची संमती न मिळाल्यामुळे ते अंमलात आलं नाही. त्या सक्तीनं पुरुष नसबंदीबद्दल जी दहशत बसली ती पुढच्या पिढ्यांतही उतरली. कार्यक्रमाचा सगळा भार बायकांवर गेला आणि तिथेच राहिला. वैद्यकीयदृष्ट्या पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी धोक्याची असूनही हे घडलं.

लवकर लग्न करून ऑपरेशन असो की उशिरा लग्न, दोन्ही वाटांनी जननदर तितकाच उतरला, तरी परिणाम सारखा नसतो. आई आणि मुलीच्या वयातलं सरासरी अंतर २१ वर्षं असेल तर ८४ वर्षांत चार पिढ्या होतात, २८ वर्षं असेल तर तीनच. म्हणजे प्रत्येकीला दोनच मुलं असली तरी लवकर लग्नाच्या समाजात एकाच वेळी जिवंत असलेल्या पिढ्या जास्त असतात. शिवाय एका पिढीची जागा पुढच्या पिढीनं जेमतेम भरून काढायला जननदर सुमारे २.१ लागतो, पण तो त्याच्या खाली गेला की लोकसंख्या लगेच घटत नाही. आधीच्या जास्त जन्मांच्या काळातल्या मुली आता आई होण्याच्या वयात असतात. प्रत्येकीला कमी मुलं झाली तरी अशा आयांची संख्याच मोठी असते. म्हणून २००५-०६ मध्ये २.१ गाठूनही महाराष्ट्र वाढतोच आहे. ‘जननदर कमी झाला म्हणता, मग गर्दी का वाढतेय’ या नेहमीच्या शंकेचं उत्तर यात आहे.

आता मुलग्याचा हट्ट. इथे चांगल्या अभ्यासकांचीही गल्लत होते. ‘मुलगा होईपर्यंत मुलं होऊ देतात, म्हणून मुलींचं प्रमाण घटतं’ हे चूक आहे. प्रत्येक जोडप्यानं मुलगा झाल्याबरोबर थांबायचं ठरवलं तरी जन्मतःचं प्रमाण हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली असंच राहतं. कारण कुठलं जोडपं कधी थांबलं याचा पुढच्या बाळाच्या लिंगाशी संबंध नसतो. थांबण्याच्या या रीतीनं बदलतं ते वेगळं: मुली मोठ्या कुटुंबांत जमा होतात, मुलगे छोट्या कुटुंबांत. तीन बहिणींच्या पाठीवरच्या मुलीच्या वाट्याला दूध, औषध आणि शाळा कमी येते. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये ‘नकोशी’ नाव असलेल्या दोनशेहून जास्त मुलींना समारंभपूर्वक नवी नावं दिली गेली. त्यांच्यावर ते नाव याच रीतीमुळे आलं होतं. प्रमाण खरोखर बिघडतं ते गर्भलिंगनिदान करून मुलीचा गर्भ पाडला तरच.

हे दोन प्रकार वेगळे ओळखायचे असतील तर जन्मक्रमानुसार आकडे मांडा. पहिल्या बाळांत प्रमाण ९४०-९५० च्या आसपास आणि पहिली मुलगी असलेल्या घरांतल्या दुसऱ्या बाळांत एकदम कमी, असं दिसलं तर लिंगनिवड चालू आहे. ऑपरेशन झालेल्या स्त्रियांच्या शेवटच्या बाळांत मुलगे खूप जास्त, पण एकूण जन्मांत प्रमाण ठीक, असं दिसलं तर ती थांबण्याची रीत आहे. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

कुटुंब लहान होऊ लागलं आणि मुलगा हवाच हा आग्रह तसाच राहिला, की निवडीचा दबाव वाढतो. चार मुलांत एखादा मुलगा होईलच असा भरवसा असतो. दोनच मुलं हवी असतील तर चारांतल्या एका जोडप्याला दोन्ही मुलीच होणार. आधी घरं लहान झाली आणि सोनोग्राफी हाताशी आली त्या पश्चिम महाराष्ट्रात म्हणून आकडा आधी कोसळला. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे कोल्हापुरात ८३९ मुली होत्या, सांगलीत ८५१. आदिवासीबहुल गडचिरोलीत २०११ मध्येही ९६१ होत्या. शिक्षण, पैसा आणि सिंचन जिथे जास्त तिथे मुली कमी, हे चित्र गरिबीला दोष देणाऱ्यांनी नीट पाहावं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानंच १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला, आणि तरीही राज्याचा बालकांचा आकडा १९९१ मधल्या ९४६ वरून २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ वर आला.

२०११ मध्ये कोल्हापूर ८६३ वर चढलं. त्याचं श्रेय सोनोग्राफी यंत्रांवर नजर ठेवणाऱ्या ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ला दिलं जातं. पण शून्य ते सहा या गटात २००४ पासून २०११ पर्यंत जन्मलेली मुलं येतात आणि ती यंत्रणा आली २००९ च्या सुमारास. त्यामुळे तिचा हात फार तर शेवटच्या वर्ष-दोन वर्षांत जन्मलेल्या बाळांपर्यंत पोचतो. बाकीची सुधारणा आधीपासून चालू असणार. कुठल्याही योजनेचं यश मोजताना ती सुरू झाल्यानंतर जन्मलेली मुलं वेगळी काढा.

मुली मिळत नाहीत म्हणून लग्नं अडल्याची ओरड आता गावोगाव आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. सगळं खापर गर्भलिंगनिदानावर फोडण्याआधी हिशेब करा. नवरा-बायकोत पाच वर्षांचं अंतर धरायची रीत आहे आणि जन्म दरवर्षी दीड टक्क्यानं घटताहेत असं समजा. मग पाच वर्षांनी लहान असलेल्या मुलींची फळी नुसत्या घटत्या जन्मांमुळेच सुमारे सात टक्के लहान असते. जन्मतःचं प्रमाण ९५० ऐवजी ९०० असेल तर आणखी पाच टक्के तूट पडते. त्यावर जात-पोटजातीची अट आणि शिकलेल्या मुलींचा शेतकरी स्थळाला नकार हे वेगळं. वयाचं अंतर दोन वर्षांवर आणलं तर तुटीचा मोठा भाग आपोआप भरतो. ते आई-वडिलांच्या हातात आहे, त्याला कायदा लागत नाही.

सामाजिक कारण किती खोल असतं हे बीडमध्ये दिसतं. शून्य ते सहा वयोगटात २००१ मधल्या ८९४ मुलींवरून २०११ मध्ये बीड एकदम ८०७ वर आलं, राज्यात तळाला. त्याच जिल्ह्यात बालविवाहाचं प्रमाणही चाळीस टक्क्यांच्या वर आहे. इथून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्याला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता, त्याची उचल अर्धी. म्हणून अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचं लग्न लावणं म्हणजे घरात एक पूर्ण कोयता वाढवणं. दुसऱ्या बाजूला चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला पाच महिने गावी म्हाताऱ्या माणसांच्या भरवशावर ठेवायची भीती, आणि फडावर खोपीत न्यायची त्याहून जास्त. त्यामुळे हंगामाच्या आधी लग्न उरकलं जातं. ‘जनजागृती नाही’ एवढ्यावर हे सोडून देता येत नाही. आई-बापांना मुलीच्या वयाचा कायदा माहीत असतो. मागे राहणाऱ्या मुलामुलींसाठीचं हंगामी वसतिगृह वेळेवर, म्हणजे टोळ्या निघण्याआधी सुरू झालं तर काही लग्नं खरोखर टळतात. महिनाभर उशिरा सुरू झालं तर मुलगी एकतर फडावर गेलेली असते किंवा सासरी.

ऊसतोड करणाऱ्या याच बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधान परिषदेत गाजला. शासनाच्या समितीनं तपासलेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. खाडा झाला की दंड, पाळीत विश्रांती नाही, फडावर पाणी-संडास नाही, वारंवार जंतुसंसर्ग, आणि दोन मुलं झाल्यावर ‘पिशवीची आता गरज काय’ असं सांगणारे डॉक्टर. पंचविशी-तिशीत प्रजनन संपतं, आणि सर्वेक्षणाच्या तक्त्यात ते नसबंदीच्या रकान्यात दिसतही नाही. त्यामुळे गर्भनिरोधनाच्या आकड्यांवरून या भागाचा जननदर समजावून घ्यायला गेलात तर हिशेब जुळणार नाही.

आता कोकण. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६ लाख ९७ हजार होती, २०११ मध्ये १६ लाख १५ हजार झाली. सिंधुदुर्गही सुमारे दोन टक्क्यांनी घटला. राज्य मात्र त्याच दशकात १६ टक्के वाढलं. २०११ मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा ‘कोकणात मुलींचा मान’ म्हणून भाषणांत वापरला जातो, तो तसा वापरू नका. शून्य ते सहा वयोगट पाहिलात तर तिथेही मुली मुलग्यांपेक्षा कमीच आहेत. ११२२ म्हणजे पुरुष मुंबईत आहेत, एवढंच.

गिरणीच्या काळात चाकरमानी एकटा मुंबईला जाई. लालबाग-परळला गाळ्यात पाळीपाळीनं झोपायचं, खानावळीत जेवायचं, गावी मनीऑर्डर करायची. बायको, मुलं, म्हातारे गावी. जोडपी वर्षातून गणपती, शिमगा आणि मे महिन्यातच एकत्र येत, त्यामुळे दोन मुलांतलं अंतर आपोआप वाढे. डेव्हिस आणि ब्लेक यांच्या यादीतला ‘किती स्त्रिया नवऱ्यासोबत नांदतात’ हा मुद्दा प्रत्यक्षात असा दिसतो. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या गिरणी संपानंतर, ज्यात सुमारे अडीच लाख कामगार होते, ही व्यवस्था मोडली. पुढच्या पिढीनं विरार, नालासोपारा, दिवा, बदलापूरला खोली घेतली आणि बायको-मुलांना नेलं. म्हणून रत्नागिरीचं प्रमाण ११३६ वरून ११२२ वर उतरत असतानाच एकूण लोकसंख्याही घटली: आधी पुरुष जात, आता कुटुंब जातं. शहराच्या बाजूनंही हे जुळतं. मुंबई शहर जिल्हा त्या दशकात साडेसात टक्के घटला आणि तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ३६ टक्के वाढून एक कोटी दहा लाखांवर गेला.

स्थलांतर किती झालं हे काढायची साधी रीत म्हणजे शेष काढणं. समजा जन्मदर हजारी १४ आणि मृत्युदर हजारी ८. नैसर्गिक वाढ वर्षाला हजारी ६, दहा वर्षांत ढोबळमानानं सहा टक्के. रत्नागिरीच्या १७ लाखांवर ती एक लाखाच्या पुढे जाते. प्रत्यक्षात ८२ हजार घटले. म्हणजे निव्वळ बाहेर गेलेले सुमारे १ लाख ८४ हजार. खरे दर घालून हाच हिशेब करा. जाणारे वीस ते पस्तिशीतले असल्यामुळे त्यांच्यासोबत पुढचे जन्मही जातात, आणि मागे उरलेल्यांचं सरासरी वय चढत असल्यानं मृत्युदर वाढलेला दिसतो. आरोग्यसेवा बिघडली असा निष्कर्ष त्यावरून काढू नका, वयानुसार दर काढून मगच तुलना करा.

धर्माबद्दल थोडक्यात. १९९२-९३ मध्ये देशातल्या मुस्लिम स्त्रियांचा जननदर ४.४ होता, २०१९-२१ मध्ये २.३६. हिंदू स्त्रियांचा ३.३ वरून १.९४ झाला. अंतर उरलं आहे, पण उतार दोघांचाही आहे आणि मुस्लिमांचा जास्त तीव्र. बिहारमधल्या हिंदू स्त्रियांचा जननदर केरळमधल्या मुस्लिम स्त्रियांपेक्षा जास्त आहे. राज्य, मुलींची शाळा आणि बालमृत्यू यांचा परिणाम धर्मापेक्षा मोठा आहे.

प्रत्यक्ष काम करताना चुका कुठे होतात ते सांगतो. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीत बाळाची नोंद होते ती जिथे जन्म झाला तिथे. पहिलं बाळंतपण माहेरी, अवघड बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात. त्यामुळे दवाखाना असलेल्या गावाचा जन्मदर फुगतो आणि आजूबाजूची गावं ओस पडल्यासारखी दिसतात. आईचा नेहमीचा पत्ता हा रकाना घेऊन नोंदी पुन्हा वाटून घ्या, किंवा आशाताईंच्या गरोदर मातांच्या यादीशी ताडून पाहा.

दुसरं, एका गावाचं एका वर्षाचं लिंगप्रमाण कधीही फलकावर लावू नका. वर्षाला ४० जन्म होत असतील तर साधारण १९-२० मुली अपेक्षित असतात, पण नुसत्या योगायोगानं १६ ते २३ सहज होतात. १६ मुली झाल्या तर प्रमाण ६६७, २३ झाल्या तर १३५३. एका वर्षी गावाला पुरस्कार आणि पुढच्या वर्षी नोटीस, असं यातूनच होतं. तालुक्याचे तीन हजार जन्म घेतले तरी योगायोगाचा पल्ला सुमारे ८८५ ते १०२५ असतो. निदान तीन ते पाच वर्षांचे जन्म एकत्र करा. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या जिल्हा पत्रकातल्या जन्मतः लिंगप्रमाणालाही हेच लागू, कारण जिल्ह्यातले नमुन्यातले जन्म थोडे असतात.

तिसरं, वय. लोक वय सांगताना शून्य आणि पाच या आकड्यांवर थांबतात, आणि सुनेचं लग्नाचं वय विचारलं की अठरा सांगतात, कारण कायदा सगळ्यांना ठाऊक आहे. थेट वय विचारण्याऐवजी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची जन्मतारीख आणि पहिल्या बाळाची जन्मतारीख ताडून पाहा. चौथं, स्थलांतराच्या तक्त्यात २०११ मध्ये देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित दिसतात. त्यांत लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा वाटा प्रचंड आहे. रोजगाराचं स्थलांतर पाहायचं असेल तर जनगणनेच्या डी-३ तक्त्यात कारणानुसार पुरुषांचे आकडे वेगळे घ्या.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख आपल्याकडे १ मार्च २०२७ आहे. म्हणजे प्रगणक फेब्रुवारीत घरोघर फिरतील तेव्हा ऊसतोडीचा हंगाम भरात असेल. गणनेच्या पूर्ण काळात जो घरी नसेल त्याची नोंद तो असेल तिथे होते, असा आजवरचा नियम आहे. बीड, पाथर्डी, आष्टी, पाटोद्याच्या टोळ्या त्या वेळी कारखान्यांच्या तळांवर असतील. तिथल्या खोपींपर्यंत प्रगणक पोचला नाही तर ही माणसं दोन्हीकडून सुटतील, त्यांच्यासोबतची सहा वर्षांखालची मुलंही सुटतील, आणि बीडचा पुढचा बालकांचा आकडा वाचणंच अशक्य होईल. ज्यांना यात काही करता येईल त्यांनी कारखान्यांकडून तळांच्या आणि टोळ्यांच्या याद्या जानेवारीतच घेऊन त्या तहसील कार्यालयाला द्याव्यात.